धीर कोणी धरायचा?

कोणावर अन्याय झाला की आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘धीर धरा, देव पाहतोय.’ नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेल्या मुलीला ते सांगितलं जातं. मालकाने चार महिन्यांचा पगार बुडवलेल्या माणसाला सांगितलं जातं. भावकीने जमीन दाबलेल्या विधवेला तर हटकून सांगितलं जातं. सांगणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला समोरच्याचं दुःख दिसत असतं, करता काहीच येत नसतं, आणि रिकाम्या हाताने उठून जायचं जिवावर येतं. मग तो शास्त्राचा, म्हणजे बायबलमध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यांचा, बोधकथांचा, आधार देतो. गहू आणि निदण (तण), निष्फळ अंजिराचं झाड, अन्यायी न्यायाधीश. देव सावकाश न्याय करतो, असं या दाखल्यांतून काढून तो समोरच्याच्या ओंजळीत ठेवतो आणि प्रार्थना करून निघतो.

हे दाखले मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, तोंडपाठ केले. आता मंडळीतल्या बायकांचा बायबल अभ्यास घेते, त्यामुळे दर वर्षी ते नव्याने वाचावे लागतात, आणि तेही अशा बायकांसमोर ज्यांना हे वाक्य आयुष्यभर ऐकवलं गेलं आहे. त्यांच्यासमोर वाचायला लागल्यापासून मी प्रत्येक दाखल्याला एकच प्रश्न विचारते: यात धीर कोणाकडे मागितलाय? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे, की ज्याच्या हातात काही करण्याची ताकद आहे त्याच्याकडे? माझ्या वाचनात उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच येतं, आणि ते आपल्या प्रवचनांतल्या उत्तराच्या नेमकं उलटं आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर घ्या. ‘मला धीर धरा, मी सगळं फेडीन’ हे वाक्य या दाखल्यात दोनदा येतं. पहिल्यांदा चाकर ते राजासमोर गुडघे टेकून म्हणतो. दुसऱ्यांदा त्याचा सोबतीचा चाकर जवळजवळ त्याच शब्दांत त्याच्यासमोर म्हणतो. पहिल्याचं देणं दहा हजार तालांतांचं आहे. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच दर ठरलेला आहे. म्हणजे हे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज झालं. योसेफस या यहुदी इतिहासकाराने हेरोद अंतिपा या राज्यकर्त्याला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला 200 तालांत मिळत असल्याचं लिहून ठेवलंय. ज्या मुलखात हा दाखला सांगितला गेला, त्या मुलखाचा आणि त्याला जोडलेल्या प्रांताचा मिळून पन्नास वर्षांचा वसूल एकट्या चाकराच्या डोक्यावर आहे, आणि तो म्हणतोय, थोडी मुदत द्या, फेडतो. ऐकणाऱ्या कोळ्या-शेतकऱ्यांना या आकड्यातला वेडेपणा लगेच कळला असणार. राजा मुदत देतच नाही, तो कर्जच सोडून देतो.

दुसऱ्याचं देणं शंभर दिनार. तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. हे खरोखर फिटणारं कर्ज आहे. त्याला माफी नको होती, नुसती मुदत पुरली असती. पण पहिला त्याची नरडी धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

यानंतरचं एक वचन आपण फार घाईने वाचतो. बाकीच्या चाकरांनी हे पाहिलं, त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी जाऊन सगळी हकीकत धन्याला सांगितली. तुरुंगात पडलेल्या सोबत्याला ‘धीर धर’ म्हणायला ते गेले नाहीत. ते वर गेले, जिथे दाद लागू शकते तिथे. राजाच्या न्यायाचं चाक फिरतं ते त्यांच्या या तक्रारीमुळे. त्यांना नाव नाही, त्यांच्या वाट्याला संवाद नाही, पण दाखला वळतो तो त्यांच्याच पायांनी. आणि राजाचा धीर सुटतो तो कर्जाच्या रकमेमुळे मुळीच नाही. दहा हजार तालांत त्याने सहज सोडले होते. आपल्याला मिळालेली दया या माणसाने पुढे शंभर दिनारांनाही जाऊ दिली नाही, एवढ्यावर तो संतापतो.

अंजिराच्या झाडाचा दाखला लूकाच्या तेराव्या अध्यायात आहे, पण तो सुरू होतो एका बातमीपासून. पिलात या रोमन सुभेदाराने काही गालीली माणसांना यज्ञ करता करता कापून काढल्याची बातमी लोक घेऊन येतात. त्यांच्या मनातला प्रश्न उघड आहे: ही माणसं जास्त पापी असतील का? येशू नाही म्हणतो आणि स्वतःहून दुसरी बातमी जोडतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती तरी यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? एका घटनेत सत्तेची तलवार आहे, दुसरीत ढासळलेलं बांधकाम. मेलेल्या माणसाच्या मरणावरून त्याच्या पापाचा हिशेब काढू नका, असं तो दोन्हीकडे स्पष्ट बजावतो. ज्या कोणाला आजारपणात ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं ऐकावं लागलंय, त्याने ही पाच वचनं जवळ ठेवावीत.

आणि लगेच दाखला येतो. मालक तीन वर्षं फळ शोधतोय, मिळत नाही, तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय? माळी म्हणतो, एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आलं तर बरं, नाहीतर मग तोडा. इथे मुदत मागणारा माणूस मुदतीबरोबर स्वतःची मेहनत देतोय. पुरंदरच्या पट्ट्यात अंजिराच्या बागा जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही की झाडाभोवती आळं खणून शेणखत भरणं हे कंबर मोडणारं काम आहे. देवाच्या सहनशीलतेचं बायबलमध्ये मला सर्वांत आवडणारं चित्र हेच. वर्षभर त्या झाडापाशी कोणीतरी वाकलेलं आहे. जो मुदत मागतो पण कुदळ उचलत नाही, त्याला या दाखल्यात जागाच नाही. झाडाला पुढे फळ आलं का, हे लूक सांगत नाही.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या गहू आणि निदणाच्या दाखल्यापाशी मात्र मला जास्त वेळ थांबायचंय, कारण ‘धीर धरा’चं ओझं सर्वांत जास्त याच दाखल्यावर लादलं गेलंय.

एका माणसाने शेतात चांगलं बी पेरलं. लोक झोपेत असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून गेला. पीक निसवलं तेव्हा निदण दिसू लागलं. चाकर म्हणाले, उपटून काढू का? धनी म्हणाला, नको, निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. आमच्या अभ्यासाला येणाऱ्या निम्म्या बायका कधी ना कधी दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपणीला गेलेल्या आहेत. त्यांच्यातली एक जण हा दाखला ऐकून सरळ म्हणाली, खुरपणी करू नका म्हणणारा हा कसला शेतकरी? पीक हातचं जाईल की. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या तणातच आहे.

पॅलेस्टाईनच्या गव्हात येणारं हे तण शास्त्रज्ञांच्या भाषेत लोलियम टेम्युलेंटम. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते गव्हासारखंच दिसतं, मुरलेल्या शेतकऱ्यालाही फरक करणं जड जातं. आणि ओंबी येईपर्यंत दोघांची मुळं मातीखाली एकमेकांत गुंतलेली असतात. त्याच्या दाण्यात बऱ्याचदा एक बुरशी वाढते, आणि असे दाणे पिठात दळले गेले तर भाकर खाणाऱ्याला चक्कर येते, झिंग चढते, दिसायला अंधुक होतं. म्हणजे वैऱ्याने घातलेला घाला साधासुधा नव्हता. तो काल्पनिकही नव्हता: दुसऱ्याच्या पिकात हे तण मुद्दाम टाकून पीक नासवलं तर काय, असा प्रश्न सेल्सस नावाच्या रोमन कायदेपंडिताने चर्चेला घेतलेला आहे, आणि 533 साली सम्राट जस्टिनियनने कायद्याचा जो महासंग्रह करवून घेतला त्यात ती चर्चा आजही वाचायला मिळते. शेजाऱ्याच्या शेतात रात्री विष पेरणारी माणसं त्या जगात होती.

चाकर खुरपं घेऊन निघालेत आणि धनी त्यांना अडवतोय ते यासाठी. तणाला तण न म्हणण्याइतका तो भोळा नाही. ‘हे वैऱ्याचं काम’ हे त्याचं पहिलंच वाक्य आहे. त्याला चाकरांच्या नजरेची खात्री नाही, इतकंच. गहू कुठला आणि निदण कुठलं, हे आपल्याला आजच कळतं असं मानणाऱ्या हातांना तो थोपवतोय.

हे थोपवणं न ऐकल्याची किंमत इतिहासात खऱ्या माणसांनी मोजली आहे. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट म्हणून ओळखली जाणारी मंडळी म्हणत होती की चर्च शुद्ध लोकांचंच असलं पाहिजे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्यांना याच दाखल्याने उत्तर द्यायचा: कापणीच्या आधी निवडानिवड करणारे तुम्ही कोण? उत्तर चोख होतं. पण त्याच ऑगस्टीनने पुढे सम्राटाच्या कायद्याचा बडगा वापरून डोनाटिस्टांना परत आणण्याला पाठिंबा दिला, आणि आधी आपलं मत असं नव्हतं हेही एका पत्रात मोकळेपणाने लिहिलं. दाखला तोंडात असताना हातात बडगा येतो, तो असा.

अकराव्या शतकात लिएजचा बिशप वाझो याला शालोंच्या बिशपाने विचारलं की पाखंडी लोकांना राजसत्तेच्या तलवारीच्या हवाली करावं का. वाझोने हाच दाखला पुढे केला. आज निदण दिसणारा उद्या गहू होऊ शकतो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाचा प्रेषित पौल झालाच की. बिशपाला अभिषेक होतो तो माणसांना जीवन देण्यासाठी, मारण्यासाठी होत नाही, असं त्याने लिहिलं. वाझोचं नाव आज फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि याची मला खंत वाटते, कारण त्याच्यानंतरच्या शतकांत मोठमोठ्या विद्वानांनी दाखल्याला पळवाट काढली: गव्हाला धक्का लागायची भीती नसेल तिथे उपटायला हरकत नाही. तशी भीती नसल्याची खात्री, अर्थातच, उपटणाऱ्यानेच करून घ्यायची होती.

27 ऑक्टोबर 1553 रोजी जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस याला जिवंत जाळलं. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल) आणि बालकांच्या बाप्तिस्म्याबद्दल त्याची मतं वेगळी होती. हे करणारे प्रॉटेस्टंट सुधारणावादी होते, स्वतः रोमच्या छळातून सुटलेले. सेबास्टियन कास्टेलियो या एका अध्यापकाने तेव्हा जिनिव्हातल्या सुधारणावाद्यांचा पुढारी कॅल्व्हिन याच्या विरोधात उभं राहून जे लिहिलं, त्याचा आशय असा: माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण करणं नव्हे, माणसाला मारणंच ते. मी स्वतः प्रॉटेस्टंट घरात वाढले. कॅल्व्हिनचं नाव आम्ही आदराने घेतो, आणि कास्टेलियोचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते वयाची चाळिशी उलटल्यावर. आपल्या बाजूच्या माणसांनी पेटवलेली आग शब्बाथशाळेत शिकवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं सांगूनही एक प्रश्न उरतोच: गव्हाचं काय? धन्याने चाकरांना थांबवलं, पण तोवर निदण गव्हाच्या वाट्याचं पाणी पितंय, खत खातंय, उन्हाच्या आड येतंय. धन्याच्या धीराची किंमत गहू मोजतोय. हा प्रश्न दाखला सोडवत नाही, आणि तो सोडवल्यासारखं करणारी प्रवचनं मला नको वाटतात. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. माणसाला उपटून टाकू नका म्हणणं वेगळं आणि त्याच्या कृत्याबद्दल गप्प राहा म्हणणं वेगळं. याच मत्तयाच्या शुभवर्तमानात पाच अध्याय पुढे सांगितलंय की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, त्याच्या तोंडावर त्याला सांग. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव. पायरी पायरीने, साक्षीदारांसह, उघडपणे. ज्या मंडळ्या एखाद्या वजनदार माणसाचं कृत्य झाकताना निदणाचा दाखला वाचतात, त्यांनी पाच पानं पुढे उलटावीत.

आता विधवा. लूकाचा अठरावा अध्याय. एका गावात एक न्यायाधीश आहे, त्याला देवाचं भय नाही, माणसांची चाड नाही. त्याच गावात एक विधवा आहे. ती त्याच्याकडे वरचेवर येते आणि म्हणते, माझ्या प्रतिवाद्याविरुद्ध मला न्याय द्या. किती तरी दिवस तो दाद देत नाही. मग मनाशी म्हणतो, ही बाई मला फार त्रास देते, हिचा निवाडा करून टाकतो, नाहीतर येऊन येऊन मला बेजार करील.

तिच्या बाजूने बोलायला बाप, भाऊ, मुलगा, कोणीच दिसत नाही. द्यायला पैसा असता तर अशा माणसाकडे काम इतके दिवस अडलं नसतं. तिच्याकडे आहेत फक्त पाय. प्रवचनात या न्यायाधीशाला सरळ देवाच्या जागी बसवतात आणि म्हणतात, देवही असाच उशिरा ऐकतो, मागत राहा. दाखल्याचा रोख तो नाही. असा माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, मग जो देव विधवेचा कैवारी म्हणून नियमशास्त्रात आणि संदेष्ट्यांत पुन्हा पुन्हा ओळखला जातो, तो रात्रंदिवस हाक मारणाऱ्यांना न्याय देणार नाही का, असा तो प्रश्न आहे. आणि लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो की हा दाखला कशासाठी: खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून. म्हणजे प्रार्थना कशी असते याचा नमुना म्हणून येशूने निवडली ती कचेरीची पायरी झिजवणारी बाई.

माझी आत्या अशीच होती. तिचे मालक वारले तेव्हा मुलं लहान होती. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मिळतो, उरलेले दोन मुलांना. कायदा इतका साधा. पण सातबाऱ्यावर वारस म्हणून दिरांनी स्वतःची नावं चढवून घेतली, आणि फेरफाराची नोटीस तिच्यापर्यंत पोचलीच नाही. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली, म्हणाले, ‘बाई, धीर धरा. देव बघतोय.’ आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘देव बघतोय ते मला ठाव हाय, साहेब. तलाठ्याला कवा दिसंल ते सांगा.’

त्यात चेष्टा नव्हती. ती खरंच विचारत होती. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प बसले. पुढच्या आठवड्यात ते तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेले, मग मंडळ अधिकाऱ्याकडे, मग प्रांतांकडे अपिलाच्या तारखांना. तारखेच्या दिवशी ती पहाटे भाकरी बांधून घ्यायची आणि एसटीने तालुक्याला जायची. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत, आणि ती मांडीवर घट्ट धरलेली. कचेरीच्या व्हरांड्यात बसून ती स्तोत्रं म्हणायची, हळू आवाजात. शिपायाने नाव पुकारलं की मधेच थांबून उठायची. तिच्या प्रार्थनेत आणि तिच्या तारखेत मला कधी फट दिसली नाही. शेवटी तिचं आणि मुलांचं नाव लागलं. तोवर पाळकसाहेबांची बदली झाली होती. पण मंडळीत नंतर ‘धीर धरा’ म्हणायचं झालं की ते आधी विचारायचे, कागद कुठे अडकलाय? हे मला त्यांच्या नव्या गावच्या लोकांनी सांगितलं.

मराठी बायबलमध्ये विधवेचा हा दाखला वाचताना मला पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि ती उगाच येत नाही. 1882 साली त्या स्वतः विधवा झाल्या, मांडीवर लहान मुलगी. त्याच वर्षी पुण्यात शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे उभं राहून त्यांनी बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हवेत अशी साक्ष दिली. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या बायका-मुलींना केडगावला आणलं. विधवेने कोपऱ्यात बसून दिवस मोजायचे, या समजुतीशी त्यांचं अख्खं आयुष्य भांडत राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. साध्या बायकांना समजावं म्हणून. केडगावच्या छापखान्यात त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये. त्या छापखान्यात लूकाचा अठरावा अध्याय जुळवणारे हात एखाद्या विधवेचे असतील, असं मला फार वाटतं.

माझ्या म्हणण्याच्या विरोधातही वचनं आहेत, ती बाजूला सारून चालणार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अन्याय सोसणाऱ्यांनाच धीर धरायला सांगितलंय: शेतकरी जसा पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो तशी वाट पाहा. पण त्याच्या वरच्याच ओळींत याकोब श्रीमंतांवर जळजळीत तुटून पडतो: ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत्येय, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. आधी मजुरी बुडवणाऱ्याला तोंडावर सुनावणं, मग मजुराला धीर. आपण दुसरा भाग वाचतो, पहिला वगळतो, कारण मंडळीच्या पहिल्या रांगेत कधी कधी मजुरी बुडवणाराच बसलेला असतो. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात वेदीखालचे हुतात्मे ओरडतात, किती काळ, प्रभू? त्यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं, हे खरं. पण ओरडल्याबद्दल त्यांना कोणी दटावत नाही.

आणि योना. निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला देवाने पाठवलेला हा संदेष्टा, आणि शहर नाशातून वाचलं म्हणून तो देवावर रागावतो. हे शहर म्हणजे अश्शूरचं. याच साम्राज्याने इ.स.पूर्व 722 मध्ये इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं, माणसं धरून नेली. तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो, असं योना देवाला तोंडावर म्हणतो. जुलूम करणाऱ्याला मिळणारी मुदत ही जुलूम सोसणाऱ्याच्या पोटातून जाते, हे योनाला कळलेलं आहे. देव त्याला खोटं ठरवत नाही, फक्त एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांबद्दल आणि पुष्कळ गुराढोरांबद्दल विचारतो. पुस्तक त्या प्रश्नावर संपतं. पुढे इ.स.पूर्व 612 मध्ये निनवे पडलंच. पण योनाच्या रागाचं उत्तर तेही नव्हतं. माझ्याकडेही ते नाही. योनाला मी लहानपणी हट्टी समजत होते, आता तसं समजत नाही.

राहिला श्रीमंत माणूस आणि लाजर. हा दाखला मी अभ्यासात नेहमी शेवटी ठेवते, कारण त्यानंतर बोलायला फार काही उरत नाही. दारात फोडांनी भरलेला लाजर पडलाय, आत रोज मेजवानी. लाजर पूर्ण दाखल्यात एक शब्द बोलत नाही. त्याला कोणी धीर धर म्हणालं की नाही, हेही नाही. दोघं मरतात, पारडं उलटतं: लाजर मूळपुरुष अब्राहामापाशी, श्रीमंत यातनेत, मध्ये मोठी दरी पडते. तिकडूनही श्रीमंत माणूस लाजराला चाकरच समजतोय: त्याला पाण्यात बोट बुडवून माझ्याकडे पाठवा. ते जमत नाही म्हटल्यावर, निदान माझ्या पाच भावांकडे तरी पाठवा. अब्राहाम म्हणतो, त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं ऐकावं. मेलेल्यांतून कोणी उठला तरच ऐकतील, असं हा म्हणतो. अब्राहाम नाही म्हणतो, आणि लूक पुढच्या विषयाकडे वळतो.

एका रविवारी अभ्यास संपल्यावर मी विचारलं, या दाखल्यात देवाचा धीर कुठे आहे? कोणी काही बोललं नाही. मग मागच्या रांगेतली एक जण, घरकाम करून दोन मुलींना शिकवणारी, म्हणाली, ‘ते पाच भाऊ अजून जिवंत हायेत ना, बाई. त्यांना टाइम हाय.’

त्या दिवशी आम्ही प्रार्थना त्या पाच भावांसाठी केली, आणि मग मजुरी अडकलेल्या तिघींची नावं, मालकांचे पत्ते आणि बाकी रकमा वहीत लिहून घेतल्या.